अंगठ्यातली किल्ली

अणदूर
सोमवार, २४ नोव्हेंबर

चि. सौ. समृद्धी,

आधी सौ. लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. खोडल्याचा डाग दिसतोय, त्याचा राग धरू नको. या घरात तुझ्या नावाआधी सौ. लावायची मुभा नाही. कागदावर लिहितानाही माझं अर्धं लक्ष दाराकडं असतं. पण लग्न झालं ते झालं. ते मी खोडून खोडलं जात नाही.

फोन सोडून आबा कागदावर का आला, असं तुला वाटेल. बरेच दिवस झाले, तुझ्या त्या कुलूपवाल्या ॲपात मी बोलतो आणि पुढं एकच बारीक खूण येते. पूर्वी दोन यायच्या. तुझा फोटोही गेला, त्या जागी नुसता मळकट गोल आहे. नळदुर्गच्या मोबाईलवाल्याला विचारलं, समोरच्याचा फोन बिघडला की असं होतं का. तो म्हणाला, होतं; नाहीतर समोरच्यानं तुम्हाला बंद केलं तरी होतं. मी त्याला म्हणालो, बिघडलाच असणार. तेव्हा बिघडला असेल तर दुरुस्त करून घे.

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, निकिताच्या पत्त्यावर धाडतो आहे. धाराशिवला कोर्टाजवळ ती टायपिंगच्या दुकानात असते, हे तूच सांगितलं होतंस. तुम्ही त्या गावातून निघाल्यावर कुठं गेलात ते तिला ठाऊक असेल. पाकिटाला डिंक लावून वर भाताची शितं दाबली आहेत. तरी कागदाला कुलूप नसतं. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, बाळाचंही नाव लिहीत नाही. तू समजून घे.

तू घर सोडायच्या आधी आपण वाडग्यात शेळ्यांना पाला टाकत होतो, तेव्हा ते माझ्या फोनात बसवून दिलंस. म्हणालीस, "आबा, यात तुम्ही अन् मी बोललेलं तिसऱ्याला कळत नाही. ज्या कंपनीनं काढलंय तिला बी नाही." मी विचारलं, मग तिला यात मिळतं काय? तू हसलीस. बोललेलं एका दिवसात आपोआप पुसलं जाईल असं करून ठेवलंस, आणि तुझं नाव 'जनावरांचा डॉक्टर' असं घातलंस. मग फोनला माझा अंगठा दाबदाबून घेतलास आणि म्हणालीस, किल्ली आता तुमच्या अंगठ्यात आहे. मी म्हणालो, चौथीपर्यंत शाळेत गेलो तो एवढ्याचसाठी, की कुठं अंगठा द्यावा लागू नये. माझ्या बापानं जन्मभर अंगठे दिले. तू म्हणालीस, हा द्यायचा नाही आबा, हा स्वतःपाशी ठेवायचा.

खोटं कशाला बोलू, वर्षभर त्या कुलपानं लई साथ दिली. तुझ्या भावानं, शिवशंकरनं, माझ्या हातातला चालू फोन हिसकावून बघितला तेव्हा त्याला काही घावलं नाही. "आबा नुसतं भजन ऐकत्यात, अन् शेळ्यांच्या डाक्टरला फोन करत्यात," म्हणून परत दिला. तुला दिवस गेल्याचं मी वाडग्यात ऐकलं. बाळ झाल्याचंही तिथंच. तुझ्या आजीला हाताला धरून आणलं. तिनं पदरानं काच पुसली आणि बाळ बघितलं. दुसऱ्या दिवशी परत बघायला आली तर ते गेलेलं. म्हणाली, देवानं दावलं अन् झाकलं. हे देवानं नाही, समृद्धीनंच तसं लावलंय, हे तिला अजून पटलेलं नाही.

जावईबापूंचा हात कसा आहे? बोटं हलतात का? पाना धरता येतो का? गॅरेजात काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात म्हणजे सगळंच. प्लास्टर काढल्यावर तिळाच्या तेलानं चोळत जा, वरून खाली, उलटं नको.

ते लोक तिथं कसे पोचले, हे मला ठाऊक नाही. ते लोक म्हणतोय, पण शिवशंकरच तो आणि त्याचे दोस्त. मला वाटतं तुझं ते कुलूपच खोटं निघालं. कंपनीनं कुणाला तरी सांगितलं असेल. आजकाल कुणाचा भरवसा आहे?

बाळाची कुंची पोचली ना? पोचली असणार. पोचली हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते नंतर कधी लिहीन.

तुझा शेवटचा निरोप मला नीट ऐकू आला नाही. वाडग्यात करडं ओरडत होती. दुसऱ्या दिवशी परत ऐकायला गेलो तर पुसला गेला होता. काही विचारलं असशील तर परत विचार.

आपले खंडोबादेव पालखीतून नळदुर्गाला गेले. दरवर्षी मार्गशीर्षात जातातच, तरी यंदा गाव जास्तच ओकंबोकं वाटतंय.

जेवतो, झोपतो, एवढंच.

आबा


अणदूर
रविवार, ७ डिसेंबर

चि. सौ. समृद्धी,

या वेळी खोडलं नाही.

निकिताकडून काही आलं नाही. टपालाला वेळ लागतो म्हणतात. पोस्टमन शिवम्माच्या दारात सायकल लावतो तेव्हा मी उगाच शेळी सोडायचं निमित्त करून बाहेर येतो.

मागच्या पत्रात मी कुलपाला दोष दिला. पाकीट पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला चैन पडेना. कुलपानं काही केलं नाही. केलं ते मी.

पहिलं बाळ आणि आजोळची कुंची नाही, असं आपल्यात होत नाही. कुंची घातल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. तुझी आई असती तर तिनं शिवली असती. ती नाही, म्हणून तुझी आजी खणाचं कापड घेऊन बसली. कुणी विचारलं तर शेजारच्या शिवम्माच्या नातवाला शिवतेय म्हणून सांगायची. शिवम्मा एकदा तिच्या तोंडावरच म्हणाली, "माझ्या नातवाला आता मिशा फुटाय लागल्या, सिताबाई." दोघी हसल्या. पण शिवम्मानं बाहेर कुठं शब्द काढला नाही. बाहेर काढणारा घरातच बसला होता, आणि तो मी.

तू कुलूपवाल्यात पत्ता धाडलास. उद्या पुसणार म्हणून मी तो घोकला. गल्ली, दुकान, गाव, सगळं. कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. किती हुशारीनं चाललो होतो बघ. दिवाळी झाल्यावर कुंची, त्यात भंडाऱ्याची पुडी, आणि डिंकाचे लाडू असं सगळं बांधून नळदुर्गला पार्सलवाल्याकडं गेलो. पत्ता तोंडानं सांगितला. त्यानं मशीनमध्ये घातला. मग म्हणाला, "पाठवणाऱ्याचा मोबाईल नंबर सांगा, बाबा."

आणि मी सांगितला.

आपल्या घराला एकच नंबर आहे, तुझ्या बापाचा. गॅसला तो, बँकेला तो, रेशनला तो, विजेच्या बिलाला तो, शेळ्यांच्या विम्यालाही तोच. कुणी नंबर म्हटलं की माझ्या तोंडातून रामहरीचाच निघतो. माझा स्वतःचा नंबर मला कधी पाठच नव्हता. माझा कोण विचारतं? पार्सलवाल्यानं विचारलं आणि मी पाढा म्हणावा तसा म्हणून मोकळा झालो. बाहेर येऊन चहा प्यालो. फार खूश होतो.

पुढं दोन-तीन दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. रामहरीचा फोन ताटाशेजारी वाजला. त्यानं डाव्या हातानं उचलून बघितला. बराच वेळ बघितला. तुझ्या बापाची रीत तुला ठाऊक आहे, ओरडायचं असलं की ओरडून मोकळा होतो. तो ओरडला नाही. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तसाच धरला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"आबा, कुंची पोचली म्हणं."

आजीला शिवताना त्यानं पाहिलं होतंच. मेसेजात तुझं नाव होतं, गावाचं नाव होतं. खाली निळी ओळ होती. ती दाबली की गल्लीसकट पत्ता उघडतो आणि घेणाऱ्याची सही दिसते. तू बोटानं काचेवर केलेली सही. कुणी कुलूप फोडलं नाही, कुणी चोरून ऐकलं नाही. सरळ मराठीत निरोप आला होता, आमच्याकडून पार्सल पाठवल्याबद्दल धन्यवाद.

त्याच वेळी मी उठून वाडग्यात जायला हवं होतं. नाही गेलो. मला वाटलं, बाप आहे, वाचून गप बसेल. सकाळी गेलो तर शिवशंकरची पिकअप जागेवर नव्हती. तेव्हा तुला बोललो, निघा म्हणून. एकच खूण आली. उन्हं डोक्यावर आली तरी एकच. दोन खुणा झाल्या तेव्हा पिकअप परत आली होती आणि शिवशंकर हौदावर हात धूत होता.

तुझी आजी परवा म्हणाली, "म्या शिवलीच नसती तर तुमी काय धाडलं असतं?" माझ्यावरचं ओझं वाटून घ्यायला म्हणाली असेल. पण तसं वाटलं जात नाही. आधी एकाला होतं, आता दोघांना आहे.

तू रागावून मला बंद केलं असशील तर ते बरोबर आहे. फक्त मी मुद्दाम सांगितलं असं समजू नको. तेवढं नको.

आबा


अणदूर
शनिवार, २७ डिसेंबर

चि. सौ. समृद्धी,

तुझं काही नाही, निकिताचंही नाही. रोज वाडग्यात जाऊन फोन उघडतो. जनावरांचा डॉक्टर, मळकट गोल, एक खूण. तरी काहीबाही बोलतो. काळ्या शेळीला दोन करडं झाली हे पण बोललो. उद्या ते पुसलं जाईल, कुणी न ऐकताच.

मी लिहिलं होतं की तुझा शेवटचा निरोप नीट ऐकू आला नाही. करडं ओरडत नव्हती. मला सगळं ऐकू आलं. तू म्हणालीस, "आबा, दादाच्या धमक्या दुसऱ्या दिवशी पुसल्या जायच्या. धाराशिवच्या कचेरीत अर्ज दिलाय, पण माझ्याकडं दाखवायला एक बी नाही. तुम्ही तुमच्या कानानं ऐकलंय. येऊन सांगाल का? हो किंवा नाही, एवढंच बोला." मागं बाळ रडत होतं. मी परत परत ऐकलं. बोललो काहीच नाही. दुसऱ्या दिवशी निरोप गेला, आणि मग ही एक खूण.

ऐकलं तर खरंच होतं मी. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. वाडग्याच्या भिंतीमागं शेळीच्या खुराला औषध लावत बसलो होतो. पलीकडच्या अंगाला शिवशंकर फोन तोंडाशी धरून बोलत होता. गोड आवाजात, लहानपणी तुला खेळायला हाक मारायचा तसा. "समे, दाजीला म्हणावं, उजवा हात जपून ठिव. पाना धराया लागतोय." त्याच्यासंगं दोस्त होता, तो म्हणाला, आरं, ती ठाण्यात दावंल. तर शिवशंकर म्हणाला, "काय दावंल? उद्या सकाळी त्यात कायबी ऱ्हात न्हाय. कंपनीच्या मालकाला बी घावत न्हाय."

ते ऐकून मला लागलं ते धमकीचं नाही. धमक्या तो आधीही द्यायचा. तू मला वाडग्यात जे सांगितलं होतंस तेच तो सांगत होता, जवळजवळ त्याच शब्दांत. तेच ॲप. ज्याच्या भरवशावर मी वर्षभर निवांत बोललो, त्याच्याच भरवशावर तोही निवांत बोलत होता. मी तुला ते त्याच दिवशी कळवलं. पण तू पण ते जपून ठेवलं नाहीस, आणि मी पण नाही. आपल्याला पुसायचीच सवय लागली होती.

मग येतो म्हणून का नाही बोललो? शिवशंकरला मी खांद्यावर बसवून देवाची पालखी दाखवली आहे. त्याच्या विरुद्ध साहेबापुढं उभं राहायचं म्हटलं की ती पालखीच डोळ्यापुढं येते. आणि उद्या मी अंथरुणाला खिळलो तर पाणी कोण देणार, हे पण मनात आलं. लपवत नाही. तू आता देऊ शकत नाहीस.

दुसरं असं की देव गावात नाहीत. माझी आई म्हणायची, देव नळदुर्गाला असताना सही करू नये, साक्ष देऊ नये. माझ्या बापानं माळाची खरेदीसुद्धा देव परत आल्यावर केली, अंगठा दिला तो पण तेव्हाच. पौषी पौर्णिमा झाली की देव येतील. ते आले की मी लगेच एसटी धरीन. हे मी तुला लिहून देतो. तोवर दम धर.

तुझ्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "देव नळदुर्गात हाय, हितनं तासाभराच्या वाटंवर. मेला न्हाय." बायकांना यातलं कळत नाही.

थंडी फार आहे. बाळाला कुंची घालत जा. त्या कुंचीवर राग असेल तर दुसरी घाल.

आबा


अणदूर
शुक्रवार, ९ जानेवारी

चि. सौ. समृद्धी,

काल धाराशिवला जाऊन आलो. घरी डोळे तपासायला जातो म्हणून सांगितलं. धुतलेलं धोतर नेसलो, आधार कार्ड घेतलं. मोबाईलवाल्याकडून माझा स्वतःचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला होता, तो खिशात ठेवला. गाडीत सगळी वाट मनात म्हणत गेलो, नंबर विचारला की चिठ्ठी काढायची, तोंड उघडायचं नाही.

तू अर्ज दिला होतास त्या कचेरीचं नाव लिहीत नाही. तिथला पोरगा चांगला होता. बसायला दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, खुराचं औषध, भिंत, पाना, सगळं. त्यानं तुझं नाव विचारून मशीनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "आबा, हा अर्ज तर मागं घेतलाय."

मी म्हणालो, कुणी?

"बाई सोता आल्या होत्या. नाताळाच्या आसपास. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही म्हणून लिहून देऊन गेल्या. कडेवर लेकरू होतं."

म्हणजे मी इथं बसून, देव येईपर्यंत दम धर, असं तुला लिहीत होतो, तेव्हा तू त्याच बाकावर बसली असशील. आबा येईल म्हणून दाराकडं बघितलं असशील का? का तेवढंही नाही? मी त्याला विचारलं, बाळाच्या डोक्यावर कुंची होती का. तो म्हणाला, ते काय माझ्या ध्यानात नाही.

तरी मी म्हणालो, माझं लिहून घ्या. त्यानं मेसेज दाखवायला सांगितला. मी फोन काढला. डॉक्टरचं नाव, खाली माझ्या बोलण्याच्या एकेरी खुणा. वर बारीक अक्षरात एक ओळ होती, ती त्यानं मला वाचून दाखवली, की इथले निरोप एका दिवसानं पुसले जातात. म्हणाला, हे तर तुम्हीच लावून घेतलंय. मी म्हणालो, पोरीला जिवंत राहायचं होतं म्हणून लावलं. त्यावर तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "समदेच लावत्यात, आबा. भिणारे बी अन् भिववणारे बी. आमच्यापुढं येतंय तवा दोघांची पाटी कोरीच."

मी उठेना, तेव्हा त्यानं एक साधा अर्ज लिहून घेतला. मी खाली सही केली, ठळक, पूर्ण नाव. आधारची झेरॉक्स जोडली. नंबर विचारला तेव्हा चिठ्ठी पुढं केली. या वेळी चुकलो नाही.

तिथून निकिताकडं गेलो. तिनं मला ओळखलं. काही बोलायच्या आधी तिनं टेबलाचा खण ओढला. माझी तिन्ही पाकिटं तिथं होती, शितं लावलेली, तशीच बंद.

म्हणाली, तिला पण तुझा पत्ता ठाऊक नाही. तू तिलाही बंद केलंस. त्या दिवसानंतर तू कुणालाच ठेवलं नाहीस. मी म्हणालो, मग मला दोन ओळी का नाही कळवल्यास, पोरी? तर म्हणाली, "तुमच्या घरी पत्र आलं तर ते कोण फोडंल, आबा?" आपल्या घराला नंबरही एकच आणि दारही एकच.

पत्रं परत नेता का, म्हणून तिनं विचारलं. राहू दे म्हणालो. कधी आली तर दे. ती म्हणाली, येईल असं वाटत नाही, आणि मग मला चहा मागवला.

तेव्हा हे पत्रही त्या खणात जाणार, हे ठाऊक असून लिहितोय. देव परवाच गावात आले. लोकांनी भंडारा उधळला. मी उशिरा पोचलो, देव नाही.

आबा


अणदूर
बुधवार, २१ जानेवारी

चि. सौ. समृद्धी,

हे पत्र आधीच्यांपेक्षा महत्त्वाचं आहे आणि आधीच्यांसारखंच तुला मिळणार नाही. तरी लिहितो. खणात सगळ्यात वर ठेव म्हणून निकिताला वेगळी चिठ्ठी जोडतोय.

कचेरीतून फोन आला. माझ्या नंबरवर नाही. आधारच्या कागदावर खाली नंबर छापलेला असतो, त्यांनी तोच घेतला. माझी चिठ्ठी कुठं गेली कुणास ठाऊक. व्यंकट आबांच्या अर्जाचं उत्तर तयार आहे, येऊन घेऊन जा, असं सांगितलं. सांगितलं रामहरीला.

रामहरीनं ते शिवशंकरला सांगितलं आणि कामावर गेला. मी वाडग्यात होतो. शिवशंकर आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला. करडाला थोडं कुरवाळलं. मग म्हणाला, "आबा, फोन बघू."

मी म्हणालो, बंद पडलाय. त्यानं माझ्या बंडीच्या खिशातून काढला. मग माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, तो लहान असताना मी त्याचा घ्यायचो तसा, आणि अंगठा काचेवर टेकवला. जोर केला नाही. करावा लागला नाही. माझा हात शेणानं भरला होता, पहिल्यांदा उघडलं नाही. त्यानं माझा अंगठा आपल्या सदऱ्याला पुसला आणि परत टेकवला. उघडलं.

चौथी शिकलो. सही गिरवून गिरवून शिकलो. एवढ्या वयात कुठल्या कागदावर अंगठा दिला नाही. शेवटी नातवाला दिला.

"ह्योच का तुमचा डाक्टर?" एवढंच म्हणाला. आत बोललेलं काही नव्हतं, तुझं नव्हतं आणि माझंही आदल्या दिवसापर्यंतचं गेलेलं. त्यानं स्वतःचं बोट त्यात घालून घेतलं आणि माझा अंगठा काढून टाकला. संध्याकाळी मला बटणांचा नवा फोन आणून दिला. तुमाला ह्योच बरा, म्हणाला. घरातल्यांशी तो नीट वागतो, हे खोटं नाही. माझ्या गोळ्याही तोच आणतो.

माझा जुना फोन त्यानं आतल्या कपाटावर ठेवलाय, कायम चार्जिंगला लावून. परवा मी म्हणालो, त्यात आता काही राहिलं नाही, पोरीनं मला बंद केलंय, उगाच वीज कशाला जाळतोस. तर तो म्हणाला,

"नात तुमची हाय, आबा. आज न्हाय उद्या तिला तुमची याद येतीच की. तवा फोन बंद नसावा."

म्हणून लिहितोय. त्या फोनावर काही बोलू नको. आता कधीच नको. मला उघडू नको, आहे तसा बंदच राहू दे. कुणी सांगितलं की आबा आजारी आहे, तरी बोलू नको. आजी गेली म्हणून कळलं, तरी नको. माझ्या नावानं तुला तिथून काही आलं तर तो मी नाही. त्यात माझा आवाज असला तरी खरं मानू नको. अंगठा घेतला तसा आवाजही घेता येतो, माझ्याकडून काय लागतं ते मला कळून चुकलंय. तुझं कुलूप आजही पक्कं आहे. पत्ता असा त्यातून कुणाला मिळणार नाही. फक्त आतला माणूस बदललाय, आणि ते बाहेरून दिसत नाही.

हे तुला कळवायला मला एकच वाट होती, आणि ती त्याच फोनात आहे. बटणांच्या फोनात तुझा नंबर नाही. तुझा पत्ता मी घोकला होता, नंबर नाही घोकला. तो पत्ता अजून पाठ आहे. तिथं आता कुणी राहत नाही.

तो फोन मधूनच वाजतो. बहुतेक कंपनीचं काही असतं. शिवशंकर उठून बघतो. तो परत येऊन बसेपर्यंत मी आणि तुझी आजी एकमेकांकडं बघत नाही. मग ती उठून चूल सारवायला लागते, सारवलेली असली तरी.

दिवाळी सरल्यापासून खंडोबाला एकच मागत होतो, नातीचा एक निरोप येऊ दे. काल देवळात जाऊन मागणं बदलून आलो. भंडारा वाहिला आणि म्हणालो, तिला माझी याद येऊ देऊ नको.

आबा